मधून कापून पाहणारे उंबरकर

उंबरकर ओव्हरसियरला कोणतीही वस्तू मधून कापून पाहिल्याशिवाय तिच्यावर भरवसा ठेवता येत नसे. अकोल्याला त्यांनी नवी कातडी चप्पल घेतली आणि तळात नक्की काय भरलं आहे ते पाहायला तिथेच, दुकानाच्या पायरीवर, जोडातली एक चिरली. चप्पल चांगली निघाली. दुकानदाराचं कौतुक करून ते अनवाणी घरी आले. खाणावळीत वांगं आलं की ते देठापासून सरळ उभं कापत, दोन्ही फाका ताटात शेजारी ठेवत आणि जरा वेळ पाहत बसत. मला नोकरीत कायम केल्याचा हुकूम आला तेव्हा मी ऑफिसात बुंदीचे लाडू वाटले. सगळ्यांनी खाल्ले. उंबरकरांनी खिशातला चाकू काढला.

"बाई, आता याचा क्रॉस सेक्शन पाहू."

पाहून झाल्यावर म्हणाले, "पाक मधपर्यंत गेलेला नाही." आणि मग खाल्ला.

हे साठ-बासष्टच्या सुमाराचं. मी तेव्हा नांदगाव खंडेश्वरकडच्या एका सरकारी विकास ब्लॉकात मुख्यसेविका होते. माझे वडील अमरावतीला जिनात कापसाच्या गठाणी उचलत. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि बी.ए. झालेलीही. हे मी सांगते कारण मला ते सांगायला आवडतं. उंबरकर अकोल्याचे, ओव्हरसियरचा डिप्लोमा झालेले, उंच, हडकुळे. सायकलच्या दांड्याला मोजपट्टी आणि लेव्हलची नळी बांधलेली. नोकरी हंगामी. त्यांच्याकडे आमच्या ब्लॉकातलं एकच काम होतं: बिनधुराच्या चुली.

चूल ही बाईची वस्तू, आणि उंबरकरांना बायांशी बोलता येत नसे. बायाही त्यांच्याशी बोलत नसत. परका पुरुष दारात आला की पदर पुढे येई आणि तोंड भिंतीकडे जाई. म्हणून मला सोबत दिलं होतं. ते एका भिंतीकडे पाहून बोलत, बाया दुसऱ्या भिंतीकडे पाहून ऐकत आणि मधे मी.

"त्यांना सांगा, ड्राफ्ट चांगला मिळाला की फ्ल्यूमधून गॅसेस वर जातात."

"बायांनो, धूर नळीतून वर जाते म्हणतात."

"मंग आतालोक काय खाली जात होता?" कौसाबाई म्हणायची.

या कौसाबाईची ओळख करून देते. गावाचं नाव सांगत नाही. तिथल्या काही बाया अजून आहेत, आणि आता त्यांना वाचून दाखवणाऱ्या नाती आहेत. कौसाबाई विधवा, दोन एकरांची मालकीण, आवाज असा की शेवटच्या आळीतली माणसंही तिच्या घरचं भांडण घरबसल्या ऐकत. स्वभावाने हट्टी. सकाळ-संध्याकाळ खोकायची आणि खोकला धुराचा आहे हे मात्र मरेपर्यंत कबूल करणार नाही. "पानी बदललं," म्हणायची. पाणी जन्मापासून त्याच विहिरीचं.

बायांना चूल समजावी म्हणून उंबरकरांनी एकदा चावडीच्या भिंतीवर गेरूने चित्र काढलं. चुलीचा क्रॉस सेक्शन. आतली पोकळी, वळणं, वर जाणारी नळी, आणि धुराचे बाण. चित्र खरंच सुरेख होतं. दुपारी पाण्याला निघालेल्या बाया थांबल्या, पाहिलं, आणि त्यातल्या एका म्हातारीने मला विचारलं, "काय वं पोरी, हे कोनाचं पोट फाडलं?"

मी उंबरकरांना ते सांगितलं नाही. "आवडलं त्यांना," म्हटलं. ते खूश होऊन धुराचे बाण आणखी ठळक करायला गेले.

चुली मात्र झाल्या. घरोघर जाऊन त्यांनी स्वतः माती तुडवली, भुसा मिसळला, आकार दिला, नळ्या बसवल्या. प्रत्येक घरी शेवटी एकच प्रश्न: "समजलं का? वापराल ना?" आणि प्रत्येक घरातून उत्तर: "हो जी." उंबरकर सायकलवर बसताना म्हणत, "बाई, गाव हुशार आहे. एकानेही शंका काढली नाही."

महिन्याभराने आम्ही पाहायला गेलो. पहिल्या घरी चुलीत कांदे होते. छान वाळलेले, हवा खेळती असल्यामुळे. दुसऱ्या घरी नळी नव्हती. ती गोठ्याच्या कवेलूखाली, म्हणजे कौलांखाली, पावसाच्या पाण्याची पन्हाळ म्हणून लावली होती आणि उत्तम काम देत होती. तिसऱ्या घरी उंबरकरांनी खाली वाकून विचारलं, "पेटवता ना?"

"हो जी. रोज," आतून आवाज आला.

त्यांनी राख आहे का पाहायला चुलीत हात घातला. आतून कोंबडी ओरडली. हात बाहेर आला तेव्हा त्यात अंडं होतं, ऊन ऊन. त्यांनी ते जिथल्या तिथे ठेवलं आणि मला म्हणाले, "उष्णता टिकते, हे तरी सिद्ध झालं."

सगळ्या घरांत स्वयंपाक तीन दगडांवरच चालला होता. धुराने भिंती काळ्या, डोळे लाल.

ब्लॉकच्या साहेबांनी आम्हाला बोलावलं. अमरावतीहून वरचे अधिकारी तपासणीला येणार होते. एकही चूल वापरात दिसली नाही तर आमच्या ब्लॉकातली योजना बंद, आणि योजना बंद म्हणजे उंबरकरांची नोकरी बंद. साहेब माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "त्या दिवसापुरत्या दोन-चार पेटवायला सांगा की. चहा ठेवा म्हणावं."

"नाही," उंबरकर म्हणाले.

"अहो, तुमच्याच पोटाचा प्रश्न आहे."

"एक तरी चूल एखाद्या बाईने आपणहून पेटवलेली मला पाहायची आहे. माझ्यासाठी पेटवलेली नको."

बाहेर आल्यावर मी त्यांना वेड्यात काढलं. ते सायकलचं कुलूप उघडत राहिले.

त्यांना वाटत होतं, चूल बायांना समजलेली नाही. समजली की वापरतील. आणि समजावण्याचा त्यांच्याकडे एकच मार्ग होता. कौसाबाईच्या मुलाचं लग्न ठरलं होतं. सून बडनेऱ्याची, शहराजवळची, म्हणून कौसाबाईने नवी चूल मागितली होती. उंबरकरांनी ती जीव ओतून घातली. ओली असतानाच कौसाबाईने तिला हळदकुंकू लावलं, वर तांदळाचे चार दाणे टाकले. दुसऱ्या दिवशी उंबरकरांनी माझ्याकरवी आळीतल्या सगळ्या बाया बोलावल्या. बाया जमल्या. उंबरकर पुढे झाले, खिशातून बारीक तार काढली आणि कोणाला काही कळायच्या आत ती चूल हळदकुंकवासकट मधून उभी कापली. एक अर्धं बाजूला सारून म्हणाले, "हं. आता त्यांना विचारा, धूर कुठून जातो ते दिसलं का?"

लग्नाच्या घरात, अजून पेटायची असलेली चूल. बायांनी तोंडाला पदर लावला आणि एकेक करून उठल्या. ती चित्राला पोट म्हणणारी म्हातारी जाताना दारात थुंकली. कौसाबाई, जिचा आवाज शेवटच्या आळीत जायचा, ती हळू बोलली. "मास्तरीनबाई, तुमच्या सायबाले घेऊन जा. मी भांडन नाई करत."

गावात शिकलेली बाई म्हणजे मास्तरीण, म्हणून मी मास्तरीणबाई.

वाटेत उंबरकर म्हणत होते, "जोडता येते. मातीच आहे. तासाभराचं काम." मी त्यांना सरळ सांगितलं की तुम्ही काय केलंत. या वेळी गोड करून सांगितलं नाही. ऐकून ते सायकलवरून उतरले आणि अर्धा रस्ता पायी आले. मग एकदम म्हणाले, "बाई, तुम्ही मला भाकर करायला शिकवा."

"मला येत नाही."

"भाकर?"

"नाही येत. आईने मला चुलीजवळ बसू दिलं नाही. म्हणायची, इथं मी आहे, तू पुस्तकं वाच. म्हणून मी बी.ए. झाले." मला त्याची लाज नव्हती आणि आजही नाही.

उंबरकर म्हणाले, "म्हणजे या गावात चुलीबद्दल बोलणारी माणसं दोन. मी आणि तुम्ही."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कौसाबाईच्या अंगणात जाऊन बसले. मी मागे. कौसाबाई ओट्यावर तूर निवडत होती. तिने आमच्याकडे पाहिलं नाही. अंगणात खुंटाला बकरी बांधली होती, तिच्याकडे पाहून म्हणाली, "बकरे, त्याइले इचार, आता काय कापाले आले?"

नवऱ्याच्या मोठ्या भावाशी, व्याह्याशी, परक्या पुरुषाशी आमच्याकडच्या बाया पूर्वी असंच बोलत. मधे लेकरू नसेल तर जनावर, जनावर नसेल तर खांब. उंबरकर क्षणभर गोंधळले. मग तेही बकरीकडे वळले.

"त्यांना सांगा, चूक झाली. चूल मी पुन्हा घालून देतो. पण त्याआधी मला भाकर शिकायची आहे."

बकरी रवंथ करत राहिली. कौसाबाईच्या हातातलं सूप थांबलं.

"बकरे, याइच्या घरी कोनी बाईमानूस नाई काय?"

"त्यांना सांगा, चूल घालणारा मी आहे, तर भाकर मलाच आली पाहिजे."

आत नेऊन तिने त्यांना तीन दगडांपुढे बसवलं, आणि बकरीलाही सोडून आत आणलं, कारण तिच्याशिवाय बोलणार कसं. पुढचा तास मी हसू दाबत काढला.

"सांग वं, पानी कोमट लागते."

"विचारा, कोमट म्हणजे किती?"

"हाताले कळते म्हना."

"कोणाच्या हाताला? माझ्या की त्यांच्या?"

पहिली भाकर परातीतच तुटली. दुसरी तव्यावर पडताना दुमडली. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, बोटं भाजलेली. उंबरकर उठले नाहीत. मोडलेल्या भाकरी बकरीने खाल्ल्या आणि त्यानंतर ती मध्यस्थी अधिक मनापासून करू लागली. अखेर एक भाकर तव्यावर नीट बसली. कौसाबाईने ती उचलली, चुलीच्या तोंडाशी इस्तो, म्हणजे निखारे, ओढला आणि भाकर त्याच्यासमोर दगडाला टेकवून उभी केली. भाकर फुगली.

उंबरकर त्या फुगलेल्या भाकरीकडे पाहत राहिले. मग तशाच भाजल्या हाताने उठले आणि शेजारच्या घरी, कांद्याच्या चुलीपाशी गेले. कांदे काढले. तव्यावरून उतरवलेली भाकर उभी करायला जागा शोधली. जागा नव्हती. त्यांच्या चुलीचं तोंड वितीएवढं, धूर बाहेर येऊ नये म्हणून मुद्दाम लहान ठेवलेलं. मग त्यांनी पऱ्हाट्यांची मोळी घेतली. गावात जळण म्हणजे कापसाच्या पऱ्हाट्या, लांबच लांब. तीन दगडांत त्या सरळ सारत जायच्या. या तोंडात एकही काडी मोडल्याशिवाय जाईना.

ते परत आले आणि बकरीला विसरून, अकोल्याच्या घरच्या बोलीत थेट कौसाबाईलाच म्हणाले, "मंग मले सांगितलं काहून नाई?"

कौसाबाईने मात्र रीत सोडली नाही. "बकरे, सायबाले सांग, आमाले इचारलं कोनं? समजलं काय म्हने. समजलं तर होतं."

नवी चूल घालायला चार दिवस गेले आणि त्या चार दिवसांत दोघांनी बकरीमार्फत इतकी भांडणं केली की ती बिचारी वाळली. कौसाबाईला तोंड कोठाराच्या दाराएवढं हवं होतं. तिला नळीच नको होती, कारण बियाण्याची कणसं चुलीवर टांगायची आणि धूर लागला नाही तर किडा लागतो. उंबरकर म्हणाले, धूर कणसांना द्या, छातीत घेऊ नका. खोकला पाण्याचा नाही हे त्यांनी बकरीला तीनदा सांगितलं. तिने बकरीला तीनदा सांगितलं की सायबाले अक्कल नाही. शेवटी तोंड रुंद झालं, पुढे इस्तो ओढायला ओटा झाला, कणसांसाठी नळीशेजारी आकडा आला. धूर पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी. पण थोडा येई, तोंडातून.

लग्न झालं. सून आली. एका सकाळी आम्ही आळीत शिरलो तेव्हा कौसाबाईच्या कवेलूवरच्या नळीतून धूर निघत होता. कोणी सांगितलं नव्हतं. उंबरकरांनी सायकल भिंतीला लावली आणि रस्त्यात उभे राहिले. आत गेले नाहीत.

तपासणीचे साहेब आले ते मंजूर नमुन्याचा कागद घेऊनच. इतर घरांतले कांदे आणि कोंबडी त्यांनी पाहिली. मग कौसाबाईकडे आले, वाकले आणि खोकले.

"हिला तुम्ही बिनधुराची म्हणता?"

"कमी धुराची, साहेब. इथे भाकर उभी राहते."

"हे तोंड नमुन्याप्रमाणे नाही."

"नमुन्यात भाकर नाही, साहेब."

"उंबरकर, योजना धुरासाठी आहे. भाकरीसाठी नाही."

दाराआडून कौसाबाईचा आवाज आला, यावेळी शेवटच्या आळीपर्यंतचा. "बकरे, या नव्या सायबाले इचार, थे रातच्याले धूर खाते काय?"

साहेबांनी कागदाची घडी घातली. योजना आमच्या ब्लॉकात बंद झाली. उंबरकरांना महिनाअखेरीपर्यंत ठेवलं.

मला वाटलं ते खचतील. पण त्या उरलेल्या दिवसांत बाया माझ्याकडे येऊ लागल्या. "मास्तरीनबाई, कौसाबाईसारखी आमाले पायजे." उंबरकर पहाटे निघत. आता ते दारात बसत आणि विचारत, "तुमच्याकडे जळण काय? तवा दाखवा. बसता कुठे?" उत्तर येईपर्यंत थांबत. "हो जी" आलं तर मुळीच मानत नसत. "हो नको. काय अडतं ते सांगा," म्हणत. मग भिंतीकडे तोंड केलेली बाई हळूहळू अर्धी वळे आणि सासूपासून सरपणापर्यंत सगळं सांगे.

शेवटच्या दिवशी मलाही आईकडे जायचं होतं, म्हणून आम्ही एकाच गाडीने अमरावतीला आलो. मोटारस्टँडवर अकोल्याची गाडी लागलेली होती. उंबरकर चढेनात. हातात ट्रंक, काखेत फडक्यात बांधलेलं गाठोडं.

"गाडी सुटेल," मी म्हटलं.

"बाई, मी अचलपूरला चाललो."

"तिथे कोण आहे?"

"बायको. माहेरी असते. दोन वर्षं झाली."

इतक्या दिवसांत त्यांनी एकदाही हे सांगितलं नव्हतं. त्यांचं लग्न झालं आहे हेच मला माहीत नव्हतं. मी विचारलं, "का गेली?"

"माहीत नाही. भांडण नाही, काही नाही. सणाला गेली, ती राहिली. मी तिला विचारलं होतं, सुखात आहेस ना. हो म्हणाली."

"कधी विचारलं?"

ते आठवू लागले. "कामावर निघताना. सायकलवर बसलो होतो." मग म्हणाले, "घरात कोणती वस्तू कुठे असावी, कशी असावी, हे मी तिला नीट समजावून सांगायचो. ती सगळ्याला हो म्हणायची. मला वाटायचं, किती चांगलं चाललं आहे."

मी गाठोड्याकडे बोट केलं. "हे काय?"

"भाकरी. पहाटे कौसाबाईच्या चुलीवर केल्या. मीच." त्यांनी फडकं जरा उघडून दाखवलं. जाड, वेड्यावाकड्या, सगळ्यांच्या कडा फुटलेल्या. "बिघडल्या आहेत. ती चांगल्या करते. पाहील आणि काहीतरी बोलेल."

"आणि पुन्हा हो म्हणाली तर?"

"तर बसून राहीन."

पुढे अचलपुरात काय झालं ते मला माहीत आहे. ते त्यांच्या घरातलं आहे, मी सांगणार नाही. मी पाहिलं ते एवढंच. अचलपूरकडे जाणारी परतवाड्याची गाडी लागली, ते चढले, गाठोडं मांडीवर घेऊन खिडकीशी बसले. शेजारी एक म्हातारी येऊन टेकली. तिने वास घेतला आणि विचारलं, "कोनं केल्या रे भाकरी?"

"मी."

तिने न विचारता फडक्याची गाठ सोडली, एक कड मोडली, तोंडात टाकली आणि चघळत राहिली. "पीठ शिळं हाय," म्हणाली. "अन् मळलं नाई तू. नुसतं भिजवलं."

ड्रायव्हरने हॉर्न दिला. उंबरकर सरकून तिच्याकडे पुरते वळून बसले होते. गाडी हलली तेव्हा मला त्यांचा आवाज ऐकू आला.

"अजून काय, आजी?"